सीटखालची गुणगुण: शाफ्ट उतरवला

चौथ्यांदा चाकांचं बॅलन्सिंग करून आणलं आणि पाळधी सोडल्यावर ताशी ९५ ला सीट पुन्हा गुणगुणायला लागली. स्टिअरिंगची थरथर मात्र थांबलीय. तेवढी कमाई आधी सांगतो.

गाडी सतरा वर्षांची जर्मन सेडान, रिअर व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद गाडीखालच्या लांब शाफ्टने मागच्या चाकांना जाते), टायर २०५/५५ आर १६. पावसाळ्यात शेतात नेली होती (पुन्हा नेणार नाही, असं दरवर्षी म्हणतो). आपली काळी माती रिमच्या आतून चिकटते आणि उन्हाने विटेसारखी होते. बाहेरून गाडी चकचकीत, चाक उतरवलं तर आत मूठभर ढेकूळ! ते खरवडल्यावर निम्मी थरथर गेली. उरलेली अलॉय चाकांमुळे होती. चाक ज्यावर बसतं तो हब ७२.६ मिमी, बाहेरून घेतलेल्या अलॉयचं भोक ७४.१. बॅलन्सिंग मशीनवर दोष शून्य, गाडीला लावलं की चाक दर वेळी वेगळ्याच जागी बसायचं. एमआयडीसीतल्या टर्नरकडून पाऊण मिलिमीटर जाडीच्या चार ॲल्युमिनियम रिंगा करून घेतल्या. "एवढ्याशा कामाला कोण येतं, भाऊ?" म्हणाला, पण केल्या झकास.

राहिली सीटखालची गुणगुण. अंदाजाने पार्ट बदलत बसलो तर घरचे बाहेर काढतील, म्हणून गणित मांडलं. या टायरचा घेर साधारण १.९८ मीटर, म्हणजे १०० च्या वेगाला चाकाचे सेकंदाला १४ फेरे. डिफरन्शियल ३.०७ चं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.०७, सेकंदाला ४३. फोन चिकटपट्टीने कन्सोलवर लावला, कंपनं मोजायचं ॲप चालू केलं आणि धाकट्याला आकडे वाचायला बसवलं. एरंडोलपर्यंत त्याचा एकच जप: बेचाळीस, त्रेचाळीस, त्रेचाळीस. न्यूट्रल करून इंजिन आयडलला येऊ दिलं तरी तेच. म्हणजे दोष इंजिनचा नाही.

धुळ्याच्या एका ट्रकवाल्या मिस्त्रीने हे महिन्यापूर्वीच सांगितलं होतं: "दादा, हाई टायरनं काम नही शे. शाफ्ट देखा." गणित दाखवलं तर नुसता हसला.

रविवारी शाफ्ट उतरवला. आधी सगळ्या सांध्यांवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली; जुळणी चुकली तर नवी थरथर फुकटात. गिअरबॉक्सच्या मागचं रबर कपलिंग वाकवलं तर बोल्टच्या भोकांभोवती चिरा, आतले दोरे उघडे. नवं बसवताना त्यावरचे बाण फ्लॅन्जच्या (टोकाच्या जोडचकतीच्या) हातांकडे ठेवायचे. बोल्ट आवळताना त्याचं रबराकडचं टोक पान्याने धरायचं आणि फ्लॅन्जकडचं फिरवायचं, नाहीतर रबर पिळवटतं. माझा पहिला बोल्ट उलटाच आवळला गेला, सोडून पुन्हा केला. शाफ्टला मधोमध धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबरही दबून गेलं होतं, तेही बदललं.

काल पारोळ्यापर्यंत जाऊन आलो. १०० ला ॲपवरचा ४३ चा सुळका जवळजवळ सपाट. धाकटा मागच्या सीटवर झोपला.

आता या शांततेत नवंच जाणवायला लागलंय. एसी लावून सिग्नलला थांबलो की आतला आरसा थरथरतो. चार सिलिंडर, मिनिटाला ७५० फेरे, फेऱ्याला दोन धक्के, म्हणजे सेकंदाला २५ (२५ हर्ट्झ). हे इंजिनचंच. इंजिन ज्यावर टेकतं त्या उजव्या फाउंडेशनखाली बोट फिरवलं तर काळं, तेलकट लागलं. जोडी मागवलीय. इंजिन उचलायला जॅक आहेच, सागाचा एक ठोकळा सुताराकडून आणायचाय.