पाचशेची पावती आणि पाच लाखांचं कार्ड

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका कृषी पत्तीन (म्हणजे शेतीच्या पतपुरवठ्याच्या) सोसायटीत मी कारकून आहे. यशस्विनीची, म्हणजे सोसायटीच्या सभासदांसाठीच्या कर्नाटकातल्या आरोग्य विमा योजनेची, नोंदणी सुरू झाली की माझ्या टेबलापुढं विम्यावर जो वाद रंगतो, तेवढा विधानसौधातही रंगत नसेल. खेड्यातल्या चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये. लगेच कुणीतरी म्हणतंच, "आयुष्मान फुकट आहे की! मग हे पाचशे कशाला?"

रेशनकार्ड बीपीएल असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचं, असेल तर सरकार पॅकेजच्या ३० टक्केच देतं, तेही दीड लाखापर्यंत. बाकी ७० टक्के घरचे. चार एकर भाताचा, कर्जात बुडालेला शेतकरी एपीएलमध्ये असू शकतो, आणि त्याला हे गणित दवाखान्यात पोचल्यावर कळतं. म्हणून मी पाचशेची पावती फाडायला सांगतो. २००३ साली यशस्विनी चालू झाली तेव्हा माणशी महिना पाच रुपये पडायचे. २०१८ मध्ये ती गुंडाळली, नंतर ओरड झाली म्हणून परत आणली.

"सरकारला परवडतं काय?" हेही विचारतात, विशेषतः पेन्शनवाले गुरुजी. माझा प्रश्न वेगळा आहे. पैसा खर्च होतोय, पण कुठं? आरोग्य कर्नाटकमध्ये तातडीचं नसेल तर आधी सरकारी दवाखान्यात जायचं, तिथं सोय नसेल तर चिठ्ठी घेऊन पुढं. आता जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसानं खानापूरला यायचं, चिठ्ठी घ्यायची, मग बेळगाव गाठायचं. बस, जेवण, सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी, हे कुठल्याच पॅकेजात बसत नाही. भीमगडच्या रानातल्या गावांतून तर पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तालुक्यात तज्ज्ञ डॉक्टर टिकला तर यातला निम्मा खर्च उगवणारच नाही. पण डॉक्टर नेमल्याचा फोटो कार्डवर छापता येत नाही!

त्यात आपण पडलो सीमेवरचे. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. कर्नाटक सरकारनं लगेच हरकत घेतली. एका आजाऱ्यासाठी दोन सरकारं भांडतात म्हटल्यावर आपण भाग्यवानच म्हणायचो. मला विचाराल तर दोन्ही कार्डं चालू द्यावीत. मिरज-कोल्हापूरला आपली माणसं पिढ्यान् पिढ्या जातात, मुली तिकडंच दिलेल्या. गोव्याचंही तसंच. बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात आधी फुकट व्हायचं, २०१८ पासून परराज्यातल्यांना पैसे पडू लागले. गोव्याच्या लोकांचं म्हणणं मला पटतं, त्यांचा कर, त्यांच्या खाटा. तरी चोर्ला घाटातून जाणारा रुग्ण शौक म्हणून जात नाही.

फुकट की पाचशे, यावर गुरुजींचं आणि माझं अजून जमलेलं नाही. तोवर, नोंदणी सुरू झाली की घरातल्या सगळ्यांची आधारकार्डं, रेशनकार्ड आणि फोटो घेऊन या. नावातला काना-मात्रा दोन्हीकडं सारखा आहे का, तेवढं घरीच बघा.