फावल्या वेळात पेटी

आमच्या वेल्थ मॅनेजमेंटच्या, म्हणजे लोकांचे पैसे सांभाळायच्या धंद्यात माणूस जरा वरच्या खुर्चीत बसला, की कंपनीच्या ब्रोशरमध्ये त्याचा सुटाबुटातला फोटो येतो आणि खाली चार ओळी. या क्षेत्रात का आलात, त्याची एक ओळ. शेवटची ओळ छंदांची. पहिल्या ओळीत सगळ्यांनाच कुटुंबांची स्वप्नं साकार करायची असतात आणि शेवटच्या ओळीत सगळेच मॅरेथॉन धावतात. खरंच धावतात म्हणा. जानेवारीत पेडर रोडच्या चढावर उभं राहून बघा, फंड मॅनेजर आणि त्यांचे क्लायंट शेजारीशेजारी धापा टाकत असतात.

बऱ्याच सहकाऱ्यांच्या पहिल्या ओळीमागे घरची एखादी दुखरी गोष्ट असते. माझ्या वयाच्या मराठी पोरांची ही गोष्ट हमखास 'यूएस-६४'ची. १९६४ पासून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी डोळे मिटून घेतलेली युनिट ट्रस्टची ही गुंतवणूक योजना. जुलै २००१ मध्ये तिची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबली आणि निवृत्त मंडळींच्या तोंडचं पाणी पळालं. मुलाखतीत ही गोष्ट फार शोभते. पण माझ्या वडिलांकडे औषधालाही एक युनिट नव्हतं. त्यांचा सगळा पैसा पोस्टात. त्यामुळे मला गोष्टच नाही. एमबीएच्या शेवटच्या वर्षी कॉलेजात दोन कंपन्या आल्या होत्या. सिमेंटवाल्यांचं पोस्टिंग चंद्रपूरला, पैसेवाल्यांचं फोर्टात. आई म्हणाली, "डोंबिवलीहून डबा घेऊन जाता येईल ते घे." झालं, करिअर ठरलं.

टिकलो मात्र वेगळ्याच कारणाने, आणि ते ब्रोशरमध्ये छापण्यासारखं नाही. मला लोकांच्या कपाटात डोकवायला आवडतं. वेल्थ मॅनेजमेंट म्हटलं की लोकांना वाटतं आम्ही दिवसभर तीन-तीन स्क्रीनसमोर बसून आलेख बघतो. आलेख बघायला पोरं आहेत. मी दादरच्या एका बैठ्या दिवाणावर बसलेलो असतो. समोर गोदरेजचं कपाट उघडलेलं असतं, आणि एक आजी साड्यांच्या थप्पीखालून दुकानाची जुनी पिशवी ओढून काढत असतात. पिशवीत बारशाचे फोटो, एलआयसीच्या पावत्या आणि कोलगेटचं शेअर सर्टिफिकेट. १९७३ च्या फेरा कायद्यानंतर परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा कमी करावा लागला, तेव्हा अशा कंपन्यांचे शेअर नोकरदारांनीही घेतले आणि मग साफ विसरून गेले. कागद जाड, किनारीला नोटेसारखी बारीक नक्षी, आणि नाव आजींच्या माहेरचं.

इथून पुढे माझा आवडता भाग. माहेरचं नाव नि सासरचं नाव ही एकच बाई, हे कागदोपत्री सिद्ध करायचं. सही चाळीस वर्षांत बदललेली. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर तसेच दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डिमॅट, म्हणजे कागद देऊन शेअर संगणकावरच्या खात्यात आणायचे. लागोपाठ सात वर्षं लाभांश कुणी उचलला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ नावाच्या, गुंतवणूकदारांसाठीच्या निधीत गेलेले. ते परत आणायला आणखी एक अर्ज. हे सगळं भरता भरता घर उलगडतं. नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावायचं हे विचारलं, की आजी आधी दार लोटून घेतात. "थोरल्याला कळू देऊ नकोस हं." नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्याने फक्त पैसे ताब्यात घ्यायचे, वाटणी मृत्युपत्राप्रमाणे, हे मी समजावतो. त्या मान डोलावतात नि पुन्हा थोरल्याकडेच येतात. पैशांच्या आडून माणसं जे बोलतात ते शेजाऱ्यालाही सांगत नाहीत. चौकस माणसाला याहून चांगली नोकरी नाही, वर पगारही मिळतो.

एरवी हा धंदा फार थोर आहे अशातला भाग नाही. १ ऑगस्ट २००९ ला बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने म्युच्युअल फंडांचा एन्ट्री लोड बंद केला, गुंतवणूकदाराच्या पैशातून आधीच कापलं जाणारं कमिशन गेलं, आणि काल-परवापर्यंत फंडांचे गोडवे गाणाऱ्या बऱ्याच जणांना एकाएकी विम्याचं महत्त्व पटलं. २३ मार्च २०२० ला सकाळीच बाजार गडगडला, व्यवहार पाऊण तास थांबवावे लागले, आणि दिवसअखेर सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी खाली. फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. त्याच आजींचाही आला. म्हटलं, आता या सगळं विका म्हणणार. तर म्हणाल्या, "ते राहू दे रे. तुझ्याकडे दूधवाला येतोय का?"

आता छंद. मी पेटी वाजवतो, आमच्या सोसायटीमागच्या विठ्ठल मंदिरात, गुरुवारच्या भजनाला. ब्रोशरसाठी हे सांगितलं तेव्हा मार्केटिंगच्या मुलीने "म्हणजे म्युझिक?" असं लिहून घेतलं. म्युझिक नव्हे हो, साथ. बुवा काळी दोनमध्ये सुरू करतात आणि गजर रंगला की पट्टीची पर्वा न करता वर सरकतात. पेटीवाल्याने मुकाट त्यांचा सूर शोधत भाता हलवायचा, त्यांच्या पुढे जायचं नाही. दिवसभर क्लायंटसोबत मी तेच करतो, फक्त तिथे टाळ नसतात.

मंदिरात मला कुणी बाजार कुठे जाईल ते विचारत नाही. पखवाजवाले तात्या डाव्या बाजूला कणीक थापत बसलेले असतात, त्यांना कणीक सैल झाली याची काळजी. एकदा मात्र मला राहवलं नाही. भजनी मंडळाचे पैसे बचत खात्यात नुसते पडून होते. मी तात्यांना म्हटलं, लिक्विड फंडात ठेवू, मागितले की पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात. फंडातून ताबडतोब पैसे काढायची सोयही असते, पण ती एकट्यादुकट्या माणसाला, मंडळाला नाही, हेही इमानदारीत सांगून टाकलं.

तात्यांनी कणकेचे हात पुसले. "आणि एकादशी रविवारी आली, नि शनिवारी संध्याकाळी पखवाजाची पुडी फाटली तर?"

पैसे बचत खात्यातच आहेत.