माझं नाही, मावशीचं

परवा नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, एक पोट्टी भेटली, आमच्या होस्टेलची जुनी, आता बँकेत लागलीय, आणि इतक्या वर्षांनी भेटल्यावर पहिलं वाक्य काय तर "मॅडम, अजून साडेआठलाच गेट लावता का हो?" चार वर्षं मी नागपुरातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलला असिस्टंट वॉर्डन होते आणि लक्षात राहिलं ते कुलूप!

तिचंही चुकलं नाही म्हणा. जॉइन झाले तेव्हा माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा, हजेरीचं रजिस्टर आणि एक शिट्टी दिली होती (शिट्टी कशाला ते आजपर्यंत कळलं नाही). मुख्य वॉर्डन म्हणजे एक प्राध्यापिका, अतिरिक्त कार्यभार, राहायला पार मनीषनगरला, दिवसभर लेक्चर, मग त्या बिचाऱ्या येणार कधी. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) रॅगिंगविरोधी नियम आहेत २००९ चे, त्यात चक्क लिहिलंय की होस्टेलला पूर्णवेळ वॉर्डन पाहिजे, तिथेच नाहीतर अगदी जवळ राहणारा, आणि नेमताना शिस्त लावता येते का एवढंच नाही तर पोरांशी बोलता येतं का हेही बघायचं. आमच्याकडे त्यातलं 'रॅगिंग करणार नाही' असं अ‍ॅफिडेव्हिट तेवढं दरवर्षी न चुकता भरून घ्यायचे आणि हेल्पलाइनचा बोर्ड पुसून ठेवायचे.

आणि खरं सांगू का, पोरींवर लक्ष असायचं ते मेसच्या मावशीचं. एकदा ऑगस्टमध्ये, पोळ्या शेकता शेकता मला म्हणाली, "मॅडम, ते चौदा नंबरवाली पोट्टी जेवूनच नाही राहिली. एक पोळी घेते अन् उठते. विचारा ना तिले काय झालं तं." रजिस्टर काढून पाहिलं तर सही रोजच्या रोज, एक दिवस चुकलेला नाही.

वर गेले. गडचिरोलीकडची, बीएस्सी फर्स्ट इयर, पहिल्यांदाच घर सोडलेलं. काय प्रॉब्लेम आहे असं विचारलं असतं तर "काही नाही मॅडम" हेच उत्तर आलं असतं, म्हणून म्हटलं, कूलरमध्ये उन्हाळ्यापासूनचं पाणी आहे, डेंग्यू व्हायचा, चल टाकी रिकामी करू. आम्ही दोघी एकेक मग घेऊन ते हिरवं झालेलं पाणी बाथरूममध्ये ओतत बसलो, सातआठ बादल्या तरी निघाल्या असतील, आणि चौथ्यापाचव्या बादलीला ती बोलली. स्कॉलरशिप जमा झाली नव्हती, मेसचे दोन महिने थकले होते, घरी सांगायची सोय नाही. "कमी जेवलं तर बिल कमी येईल ना मॅडम?"

आमचं मेसचं बिल महिन्याचं ठोक होतं. एक पोळी खा नाहीतर सहा. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, मी पण नाही!

पुढचं काही मोठं नाही, अकाउंटवाल्यांकडे तीन चकरा मारल्या, अर्ज लिहून घेतला, स्कॉलरशिप येईपर्यंत थांबायला तयार झाले.

सगळंच असं बादलीवर सुटत नाही हेही सांगते. एकीने रात्री अकराला दार वाजवून "जगावंसं वाटत नाही" म्हटलं तेव्हा माझेच हातपाय गार पडले. ट्रेनिंग शून्य. तिला शेजारी बसवून १४४१६ लावला, टेली-मानसचा नंबर, फुकट आहे, रात्रीबेरात्री लागतो आणि मराठीत बोलतात, मग रात्रभर तिला एकटं सोडलं नाही आणि सकाळी तिच्यासोबत डॉक्टरकडे गेले. त्या दिवशी कळलं की आपण काउन्सेलर नाही. प्रत्येक होस्टेलला एक हवाच, आठवड्यातून दोन दिवस आला तरी चालेल.

मावशी मात्र ठेकेदाराच्या माणसांत, त्यामुळे होस्टेल कमिटीच्या मीटिंगला तिला कोणी कधी बसवलं नाही, चहा घेऊन यायची तेवढीच.

बर्डीवरची ती पोट्टी जाता जाता नंबर मागू लागली. मी माझा सांगायला लागले तर म्हणे, "नाही मॅडम, मावशीचा."