माझ्याच अक्षरातली चिठ्ठी

"बाबा सगळं विसरायला लागलेत, डॉक्टर." मुलाने बसायच्या आधीच सांगून टाकलं. वय 76, आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलेलं. मी म्हटलं, शंभरातून सात वजा करत जा. "त्र्याण्णव," ते म्हणाले, मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "किती वजा करायचे म्हणालात?"

लिंबू, किल्ली, जहाज. पाच मिनिटांनी विचारलं, तर शब्द दिले होते हेच आठवेना.

कधीपासून? "पंधरा दिवस झाले असतील." इथे मी थबकलो. स्मृतिभ्रंश सहसा असा पंधरवड्यात येत नाही. बोलताना त्यांची जीभ टाळूला चिकटत होती, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसत होत्या. लघवीचं विचारलं तर ओशाळून म्हणाले, "जोर करावा लागतो."

"घरातली सगळी औषधं आणा." मुलगा पिशवी घेऊन आला. तळाशी चिकट झालेली खोकल्याची बाटली, त्यात क्लोरफेनिरामाइन. शेजारी झोपेच्या गोळ्या, त्यात डायफेनहायड्रामाइन. खोकल्याने झोप लागेना म्हणून त्यांनी आपणहून आणलेल्या. दोन्ही एकाच माळेचे मणी. ही जुनी अँटिहिस्टामिनं, म्हणजे सर्दी-ॲलर्जीची औषधं, मेंदूत सहज शिरतात आणि असिटिलकोलीन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाची वाट अडवतात. नवं काही ध्यानात ठेवायला तेच लागतं. तोंडाला लाळ सुटायला आणि लघवी मोकळी व्हायलाही तेच. क्लोरफेनिरामाइन निम्मं उतरायलाच साधारण 20 तास घेतं, म्हातारपणी त्याहून जास्त. हे दिवसातून तीनदा घेत होते. साठणारच.

बाटलीला रबराने एक चिठ्ठी बांधलेली होती. अक्षर माझं. 'दोन चमचे, तीन वेळा, खोकला थांबेपर्यंत.' खोकला थांबला नव्हता, म्हणून त्यांनीही थांबवलं नव्हतं. माणूस हिशेबाचा पक्का! मुलाला सांगितलं, हे मीच लिहिलंय. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे केला, कारण या वयात जंतुसंसर्ग किंवा सोडियम घसरल्यानेही असंच होतं. तसं काही निघालं नाही. बाटली आणि गोळ्या दोन्ही बंद केल्या.

दहा दिवसांनी ते काठी न घेता आत आले. मी विचारायच्या आधीच सुरुवात: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. मलाच मनात पडताळावं लागलं.

"आणि खोकला?"

"तो आहे तसाच," म्हणाले, आणि खोकले.