बारसं, जन्मदाखला आणि इरावतीचा पहिला विमानप्रवास

माझी लेक जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या एका लहान शहरात जन्मली. दुसऱ्याच दिवशी सकाळी नर्सने नाश्त्याच्या ट्रेसोबत एक फॉर्म आणून ठेवला. बाळाचं नाव, आडनाव, खाली आईवडिलांच्या सह्या. इथे जन्माची खबर आठवड्याच्या आत नोंदणी कार्यालयाला, म्हणजे श्टांडेसआम्टला, द्यावी लागते. ती हॉस्पिटलच कळवतं, पण नाव आपण सांगायचं. आमच्याकडे नाव नव्हतं. म्हणजे मनात होतं, पण बाराव्या दिवशी आत्याने कानात सांगितल्याशिवाय ते कागदावर लिहायला मन धजत नव्हतं.

आमच्या सुईणबाईंनी, इथे त्यांना हेबामे म्हणतात, धीर दिला. जन्म नोंदवा, नाव महिन्याभरात कळवलं तरी कायद्याला चालतं, असं त्या म्हणाल्या. मग आम्ही थांबलो. बाराव्या दिवशी कपड्यांच्या टोपलीला ओढणी बांधून पाळणा केला. माझी नणंद पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होती. आईने आणि मी ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हटलं, फोन बाळाच्या कानाशी धरला आणि आत्याने कुर्र करून नाव सांगितलं: इरावती. दुसऱ्या दिवशी नवरा ते नाव घेऊन कार्यालयात गेला.

खरी अडचण तिच्या नावाची नव्हतीच, माझ्या नावाची होती. बाळाच्या दाखल्यासाठी आमच्या दोघांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला मागितला होता. मी सातव्या महिन्यात असताना बाबांनी माझा जन्मदाखला शोधून फोटो पाठवला. त्यावर आईचं नाव होतं, बाबांचं होतं, तारीख होती, ‘मुलगी’ असं होतं आणि नावाचा रकाना कोरा. माझ्या जन्माची नोंद बारशाआधीच झाली होती, नंतर नाव घालायला कोणी गेलंच नाही. शाळेच्या दाखल्यावर सगळं आयुष्य निभावलं. माझ्या वयाच्या कितीतरी जणांचे दाखले असेच आहेत. एरवी नोंदणीनंतर १५ वर्षांपर्यंतच नाव घालता येतं. शासनाने मुदतवाढ दिली होती म्हणून आमचं काम झालं. सत्तरीच्या बाबांनी शाळा सोडल्याचा दाखला, आधार, प्रतिज्ञापत्र सगळं जमवून माझं नाव त्या रकान्यात लिहून आणलं. तरी नावाचा दाखला हातात पडेपर्यंत मार्च उजाडला. परदेशात राहणाऱ्या आणि बाळाची वाट पाहणाऱ्या प्रत्येकीला मी कळकळीने सांगेन, आजच आपला जन्मदाखला काढून बघा. नाव आहे का, आईवडिलांच्या नावांची अक्षरं पासपोर्टशी जुळतात का, एवढं तरी तपासा.

दुसरा गुंता मधल्या नावाचा. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आहे, जन्मदाखल्यात बाबांचं. कार्यालयातल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, तुमच्या स्वतःच्या नावात पुरुषाचं नाव का, आणि ते दोन ठिकाणी वेगवेगळं कसं? प्रश्न साधा होता, त्यांनी तो प्रेमानेच विचारला, पण मला माझी आख्खी रीत एका परक्या भाषेत मांडावी लागली. आमच्याकडे नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. त्यांच्याकडे स्वतःचं नाव आणि कुटुंबाचं नाव, बस. लेकीच्या नावात बापाचं नाव घातलं तर ते तिचं स्वतःचं दुसरं नाव म्हणून नोंदलं जाईल, असं त्यांनी समजावलं. आम्ही ते घातलं नाही. सासऱ्यांना हे लागलं. ‘नातीच्या नावात बापाचं नाव नाही?’ एवढंच म्हणाले आणि गप्प झाले. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई आणि वडील दोघांची नावं असतात हे मी त्यांना नंतर दाखवलं. निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. तिला प्रत्येक खिडकीवर स्वतःचं नाव समजावत बसावं लागू नये.

पुढचा टप्पा भारतीय पासपोर्टचा. बाळाच्या जन्माआधी आई किंवा वडील इथे ५ वर्षं कायदेशीर राहिलेले असतील आणि कायमच्या वास्तव्याचा हक्क असेल, तर बाळ जन्मतःच जर्मन होतं. २७ जून २०२४ पूर्वी ही अट ८ वर्षांची होती. आम्हाला तीनच वर्षं झाली होती, म्हणून इरावती भारतीय. अशा बाळाची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावीच लागते. आम्ही ती पासपोर्टच्या अर्जाबरोबरच केली.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरं, डोळे उघडे. पांढऱ्या चादरीवर निजवून, खिडकीच्या उजेडात, एका दुपारी सत्तरेक फोटो काढले तेव्हा एक जमला. सहीच्या जागी अंगठा हवा होता. तान्ही बाळं अंगठा मुठीत आत धरून झोपतात. मी तिची मूठ बोटाबोटाने उघडायची आणि शाई लागेपर्यंत ती पुन्हा मिटायची. शेवटी दूध पिऊन गाढ झोपल्यावर हात सैल पडला, तेव्हा टेकवला. तांदळाच्या दाण्याएवढा ठसा. नंतर ओल्या फडक्याने शाई पुसताना मला रडू आलं, का ते सांगता येणार नाही.

पासपोर्ट जूनमध्ये आला. घरून रोज विचारणा, आता कधी येताय? पण इथे जन्मलेल्या बाळालाही राहण्याचा परवाना लागतो, आणि त्याचा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांत करायचा असतो. अर्ज वेळेत केला, भेटीची तारीख मिळायला ऑगस्ट लागला, मग कार्ड बर्लिनहून छापून यायचं. त्या कार्डाशिवाय बाहेर पडलो असतो तर परत येताना तिला व्हिसा लागला असता. नवऱ्याची आजी ८८ वर्षांची. फोनवर म्हणायची, ‘मला बघू दे गं तिला.’ तरी मी तिकीट काढलं नाही. ते महिने सगळ्यात जड गेले.

कार्ड ऑक्टोबरात आलं. नोव्हेंबरमध्ये मी आणि इरावती दोघीच निघालो, नवरा मागून येणार होता. त्याचं सही केलेलं संमतीपत्र पर्समध्ये वर ठेवलं होतं. अकराव्या महिन्यात वाईला माझ्या भावाच्या मांडीवर तिचं जावळ झालं. पणजीने खाली पडलेले केस स्वतःच्या पदरात घेतले.

परत येताना विमानतळावरचा अधिकारी कार्डावरचा भरपूर केसांचा फोटो बघत होता आणि समोर हे तुळतुळीत डोकं. पासपोर्टवरचा फोटो तर तीन महिन्यांचा. मग त्याने पासपोर्टवरचं नाव एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचलं, ‘इ-रा-वा-टी?’

तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्याने शिक्का मारला.