कोण रे?

दुपारी पावसाची सर आली आणि लाईट गेली. जून महिना, फोंडा, त्यात काय सांगायचं. अर्ध्या तासाने आली, मी कॉम्प्युटर परत लावला, पायथन भाषेत लिहिलेली माझी प्रोग्रॅमची फाईल चालवली तर 2003 नंबरचा एरर. सर्व्हरशी कनेक्टच होत नाही म्हणे. पंधरा मिनिटं माझाच कोड खालून वर, वरून खाली वाचत बसलो, मग ट्यूब पेटली की मायएसक्यूएल, म्हणजे माहिती साठवणारा तो डेटाबेस, चालूच केलेलं नाही. म्हणजे त्याचं 3306 नंबरचं दार (पोर्ट म्हणतात त्याला) मी मघापासून ठोठावतोय आणि घरात माणूसच नाही!

बरं, ते चालू केलं. आता 1045 नंबरचा एरर. अ‍ॅक्सेस डिनाईड, यूजर रूट अ‍ॅट लोकलहोस्ट, यूजिंग पासवर्ड येस. म्हणजे याच मशीनवरून (लोकलहोस्ट) आलेल्या रूट नावाच्या मुख्य यूजरला प्रवेश नाही, पासवर्ड दिला होता तरी. हा शेवटचा 'येस' मला फार लागतो. पासवर्ड दिलास ते ऐकलं हो, पण दार नाही उघडत जा.

आमची आजी अगदी अशीच. मे महिन्यात आम्ही बांदिवड्याला तिच्याकडे असायचो, दुपारी सगळे आडवे झाले की आम्ही पोरं पोहायला पळायचो आणि ओल्या चड्ड्यांनी परत यायचो तोवर दाराला आतून अडसर. ठोठावलं की माजघरातून आवाज, "कोण रे?" "हांव." (मी.) "हांव म्हळ्यार कोण?" (मी म्हणजे कोण?) आवाज ओळखायची हो, शंभर टक्के ओळखायची. पण नाव सांगितलं तरी पुढे "कोणालो?" (कोणाचा?) आहेच. बापाचं नाव सांगितल्याशिवाय अडसर निघायचा नाही, आणि तोवर पायाखाली चिखल झालेला, त्याबद्दल आत गेल्यावर वेगळं.

मायएसक्यूएलही नुसत्या नावावर भागवत नाही, कुठून आलास तेही बघतं. लोकलहोस्टवरचा रूट वेगळा, दुसऱ्या मशीनवरून आलेला रूट वेगळा. दोन वाड्यांवर दोन दामोदर असतात तसं, एकाची उधारी दुसऱ्याच्या नावावर लिहून चालत नाही.

शेवटी पुतणीला हाक मारली. तिने चहाचा कप हातातून न ठेवता स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, पासवर्डच्या शेवटी स्पेस आहे." अवतरणचिन्हाच्या आत, एक रिकामी जागा, कॉपी करताना चिकटलेली. तासभर! वर जाता जाता "आणि काम झालं की कनेक्शन क्लोज करत जा" हेही ऐकवून गेली. उघडी ठेवत गेलं की साचत जातात, मुळात मर्यादा 151 ची, मग टू मेनी कनेक्शन्स. 151 म्हटल्यावर मला पाकिटातला आहेरच आठवला. पण आजीही तेच ओरडायची, दार ओढून घे, गोरवां (गुरं) येतात.

स्पेस काढली, कनेक्ट झालं. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर आजीच्या घरातल्या पुस्तकांची यादी करायची म्हणून. ते घर आता बंदच असतं, किल्ली माझ्याकडे आहे, गेल्या खेपेला दोन पेट्यांना वाळवी लागलेली बघून आलो आणि यादीचं डोक्यात घेतलं. आता कुलूप काढलं की सरळ आत जातो, कोण रे म्हणून विचारायला कोण नाही.

मोठ्या उत्साहाने टेबल उघडून बघितलं. एम्प्टी सेट. बरोबरच आहे, अजून एकही पुस्तक भरलेलं नाही.