मुक्कामी कलाकार आणि माझी विळी

हिवाळ्यातल्या एका शनिवारी मी माझी विळी टॉवेलात गुंडाळली, पात्यावर पुठ्ठा बांधला, ती गाडीच्या डिकीत ठेवली आणि अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नला गेले. वस्तू धारदार, म्हणून तिथल्या म्युझियमला आधी ई-मेल करून विचारलं होतं. ‘जरूर आणा’ असं उत्तर आलं. तिथे तेव्हा एक चित्रकार मुक्कामाला होती. देश सोडताना पहिल्या बॅगेतून आणलेली आणि अजूनही वापरात असलेली एखादी वस्तू घेऊन या, असं तिने आसपासच्या लोकांना सांगितलं होतं.

हे म्युझियम म्हणजे अरब अमेरिकन नॅशनल म्युझियम. मिशिगन अॅव्हेन्यूवर, डिअरबॉर्नच्या जुन्या सिटी हॉलसमोर. आम्ही राहतो त्या कँटनपासून अर्ध्या तासावर. डिअरबॉर्न म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना फोर्ड आठवते, आणि ते बरोबरच आहे. चिंचवड-भोसरीकडून इथे आलेल्या आमच्यासारख्या किती तरी घरांची चूल गाड्यांच्या धंद्यावरच पेटते. पण या गावाची दुसरी ओळखही तितकीच मोठी आहे. 1 लाख 10 हजारांच्या आसपास वस्ती आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक अरब मुळांचे. वॉरन अॅव्हेन्यूवरून गेलं की दुकानांच्या पाट्या अरबीत आणि सकाळी बेकऱ्यांतून झातर हा मसाला लावलेल्या गरम मनाईशचा, म्हणजे चपट्या रोट्यांचा वास. गुळाच्या पोळीच्या दिवसांत आपल्या आळीत फिरावं तसं मला तिथे वाटतं.

म्युझियम 5 मे 2005 रोजी उघडलं. ते उभारलं ‘अॅक्सेस’ नावाच्या संस्थेने. ही संस्था 1971 मध्ये डिअरबॉर्नच्या साउथ एंड भागात, फोर्डच्या रूज कारखान्याच्या सावलीतल्या एका दुकानाच्या गाळ्यात स्वयंसेवकांनी सुरू केली होती. नव्याने आलेल्या कामगारांचे फॉर्म भरून देणं, इंग्रजी शिकवणं, हे तिचं सुरुवातीचं काम. फॉर्म भरून देणाऱ्यांनीच पुढे राष्ट्रीय म्युझियम बांधलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आत गेल्यावर कारंजं असलेला चौक लागतो आणि वर घुमट. माडीवरच्या दालनांत अमेरिकेत येण्याची आणि इथे रुजण्याची कहाणी आहे. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लेबनॉनच्या डोंगराळ भागातून आलेले फेरीवाले भेटतात. पाठीवर ‘कश्शी’ नावाचं गाठोडं आणि त्यात सुया, बटणं, लेस. शेतावरच्या एकट्या घरांची दारं ठोठावत ते मैलोन् मैल चालायचे. मला आमच्या गावी बांगड्यांचं ओझं घेऊन येणारा कासार आठवला.

पण मला लिहायचं आहे ते म्युझियमच्या मुक्कामी कलाकारांबद्दल. इथे त्याला आर्टिस्ट रेसिडेन्सी म्हणतात आणि या म्युझियमच्या योजनेचं नाव आहे ‘आर्टिस्ट्स + रेसिडेंट्स’. त्या अधिक चिन्हावर मी बराच वेळ विचार केला. कलाकाराला राहायला आणि काम करायला जागा मिळते, वेळ मिळतो, हे झालं पहिल्या शब्दाचं. दुसरा शब्द मात्र गावात राहणाऱ्यांचा आहे. कलाकाराने इथे यायचं, इथल्या बेकरीत पाव घ्यायचा, इथल्या लोकांशी बोलायचं आणि त्यातून जे उगवेल ते करायचं. काचेच्या कपाटात पासपोर्ट आणि जुने फोटो ठेवून स्थलांतराची गोष्ट संपत नाही. माणसं अजून येत आहेत, त्यांची मुलं अजून भाषा विसरत आहेत. चालू असलेल्या गोष्टीची नोंद करायला तिच्यात राहणारं माणूस लागतं.

त्या दिवशी सात-आठ जण आले होते. एका येमेनी आजोबांनी कॉफीची किटली आणली होती. एका बाईंकडे मामूल नावाच्या सारण भरलेल्या बिस्किटांवर नक्षी उठवायचा लाकडी ठसा होता. मी टॉवेल सोडला आणि विळी टेबलावर ठेवली. सगळे वाकून बघायला लागले. हे काय आहे, हा प्रश्न मला पाठ आहे. चोवीस वर्षांत इथे प्रत्येक पाहुण्याने तो विचारला आहे आणि मी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं आहे: याने भाजी चिरतात, पुढच्या दातेरी चंद्रकोरीवर नारळ खवतात.

चित्रकाराने ते विचारलंच नाही. तिने विचारलं, “तुम्ही यावर बसता कशा?”

मी क्षणभर गडबडले. मग ऊठबस नको, सरळ दाखवूनच टाकावं, म्हणून म्युझियमच्या फरशीवर विळी ठेवून बसले. उजवा पाय दुमडून पाटावर, डावा गुडघा वर, दोन्ही हात पात्याच्या दोन बाजूंना. तिने तीन-चार कागदांवर भराभर रेघा मारल्या. मला वाटलं होतं विळीचं चित्र होईल. कागदावर पाहिलं तर विळी जेमतेम एका रेघेत होती. बाकी सगळी मी होते: पाटावर दाबलेलं पाऊल, वाकलेली पाठ, पुढे झुकलेली मान. आणि ती मान माझी नव्हती, माझ्या आजीची होती. तिला अशीच बसलेली मी हजार वेळा पाहिली आहे. मी स्वतःला तशी कधीच पाहिली नव्हती.

कँटनच्या घरात मी जमिनीवर बसत नाही. ओट्यापाशी उभी राहून सुरीने चिरते. विळी निघते ती फक्त नारळासाठी, गणपतीत आणि नारळी पौर्णिमेला. एक वस्तू आणली म्हणजे तिच्यासोबत शरीराची एक अख्खी सवय आणलेली असते, आणि ती सवय वस्तूच्या आधी झिजते. चोवीस वर्षं मी विळी जपली, बसणं जपलं नाही. हे मला कुणी भाषणात सांगितलं असतं तर पटलं नसतं. कागदावर पाहिलं म्हणून पटलं.

याच परिसरात नव्वद वर्षांपूर्वी एक मोठा कलाकार असाच मुक्कामाला होता. मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिवेरा 1932 मध्ये शेजारच्या डेट्रॉईटला आला, सोबत त्याची चित्रकार बायको फ्रिडा काहलो. रूज कारखान्यात फिरून त्याने माणसं, पट्टे, भट्ट्या कागदावर उतरवल्या आणि 1933 च्या मार्चपर्यंत डेट्रॉईट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्सच्या भिंतींवर 27 चित्रफलक उभे केले. ते पाहताना माझं लक्ष यंत्रांकडे जातच नाही. एका लयीत मागे रेललेली, ओढणारी, ढकलणारी शरीरं दिसतात. माझे बाबा तीस वर्षं पिंपरीच्या कारखान्यात होते. त्यांच्या कमरेचं दुखणं त्या भिंतीवर आहे.

आणि त्याहीआधीची एक गोष्ट. 1914 मध्ये फोर्डने परदेशी कामगारांसाठी इंग्रजी शाळा काढली. तिच्या पदवीदानात रंगमंचावर एक प्रचंड हंडा ठेवलेला असायचा. कामगार आपापल्या देशाच्या पोशाखात त्यात उतरायचे, गुरुजी मोठ्या डावांनी ढवळायचे आणि कामगार अमेरिकन सूट घालून, हातात झेंडे घेऊन बाहेर यायचे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. आज त्याच भागात एक म्युझियम माणसांना सांगतं, हंड्यात जाण्यापूर्वी तुमच्या हातात जे होतं ते घेऊन या. एवढा फरक पडायला शंभर वर्षं लागली, आणि तो आपोआप पडलेला नाही. त्या गाळ्यात फॉर्म भरणाऱ्या माणसांनी तो पाडला.

आता आपल्याकडे वळते. माझे आजोबा रत्नागिरीहून लालबागला आले, गिरणीत लागले. गावकऱ्यांच्या खोलीत वीसेक जणांच्या वळकट्या. रातपाळीवाला उठायचा आणि पहिल्या पाळीवाला त्याच जागी आडवा व्हायचा. जेवण खानावळीवाल्या बाईंकडे. साउथ एंडमधल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांच्या खोल्यांबद्दल ऐकताना मला काहीच परकं वाटलं नाही. आमच्या घराण्यात स्थलांतराची ही तिसरी पिढी आहे आणि पहिल्या दोघांचं एकही चित्र नाही.

इथल्या मराठी मंडळांनी कलेसाठी खूप केलं आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं, दिवाळीची नाटकं, स्मरणिका, मराठी शाळा, हे सगळं लोकांनी नोकऱ्या सांभाळून उभं केलं आहे आणि मी त्यात राबलेली आहे. पण भारतातून येणारा कलाकार आमच्याकडे कसा येतो? शुक्रवारी विमानतळ, शनिवारी प्रयोग, रविवारी फोटो आणि पुढचं शहर. आम्ही त्याला ऐकतो, त्याला आम्हाला ऐकायला वेळच नसतो. इथल्या बायकांचं एकटेपण, नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर घरी बसलेल्या शिकलेल्या मुलींची वर्षं, सहा महिन्यांसाठी येऊन खिडकीशी बसून राहणारे आई-वडील, मराठी समजणारी पण उत्तर इंग्रजीत देणारी मुलं, हे कोण लिहिणार, कोण काढणार? दोन तासांच्या कार्यक्रमात ते दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी आमच्यात राहायला हवं, आमच्याबरोबर कॉस्टकोच्या दुकानात यायला हवं, बर्फ उपसायला हवा.

मी हे मंडळाच्या बैठकीत मांडलं. खर्चाचा प्रश्न निघाला, विम्याचा निघाला, व्हिसाचा निघाला, आणि ते सगळे खरे प्रश्न आहेत. एका काकूंनी विचारलं, “पण तो कलाकार शेवटी कार्यक्रम काय करणार?” मी म्हटलं, कदाचित काहीच नाही. बैठक थोडा वेळ गप्प झाली. मग त्याच काकू म्हणाल्या, “माझ्याकडे सासूबाईंचं जातं आहे. तळघरात. कुणी बघत नाही.”

म्हणून सुरुवात इथल्याच माणसांपासून करायचं ठरलं आहे, म्हणजे व्हिसाची अडचण नाही. अमेरिकेत असलेली, मराठी लिहिणारी किंवा चित्रं काढणारी कुणी व्यक्ती तुम्हाला माहीत असेल तर तिला सांगा. आमच्या तळघरात एक खोली रिकामी आहे. तिला खिडकी आहे, टेबल आहे. सहा आठवडे राहावं, जेवण आमच्याबरोबर, आणि अट एकही नाही. जातं असलेल्या काकू दहा मिनिटांवर राहतात. विळी मी आता वर, ओट्याखाली, हाताशी ठेवली आहे.